गच्चीवरच्या भाजीचं काम फेब्रुवारीत सुरू होतं

पहिला पाऊस पडला की ठाणे, डोंबिवली, वसई, पनवेल, पिंपरी-चिंचवड अशा सगळ्या उपनगरांतल्या रोपवाटिकांत गर्दी उसळते. दहा-बारा पिशव्या, लाल मातीची पोती आणि टोमॅटो-मिरचीची रोपं घरी येतात. ऑगस्टपर्यंत पिशवीतली माती घट्ट बसते, पाणी वर तुंबतं, मुळं कुजतात आणि रोपं पिवळी पडतात. दोष बियांचा किंवा आपल्या हाताचा नसतो. पिशवीत नुसती माती भरली, एवढंच कारण असतं. कुंडीतल्या मातीला शेतासारखी खोली नसते आणि तिला भुसभुशीत ठेवणारे जीवही नसतात. म्हणून गच्चीवर माती कमी आणि कुजलेला पालापाचोळा व कंपोस्ट जास्त लागतं. ते बनायला तीन महिने लागतात. जूनमध्ये पेरायचं असेल तर फेब्रुवारीत पाचोळा गोळा करायला लागा.

कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून हेच सांगितलं: वाळलेला पाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि ऊन यांच्या जोरावर थोड्या जागेत कुटुंबापुरतं पिकतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कचऱ्यातून बाग उभी केली, तीही याच वाटेने. तत्त्व नवं नाही. लोकांचं अडतं ते प्रमाणात, म्हणून इथे प्रमाणांवरच भर आहे.

पाचोळा: किती, कुठला, केव्हा

जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत आपल्याकडची झाडं पानं टाकतात. देशी बदाम, पिंपळ, वड, कडुलिंब, करंज आणि विलायती शिरीष म्हणजे रेन ट्री, हे सगळं सोसायटीच्या आवारात आणि रस्त्याकडेला असतं. रेन ट्री, गुलमोहर आणि कडुलिंबाची बारीक पानं सगळ्यात उत्तम, कारण ती न चुरताच दोन-अडीच महिन्यांत कुजतात. बदामाची पानं मोठी असली तरी कडक वाळली की हाताने चुरतात. आंबा, फणस आणि आसुपालव यांची पानं चिवट व मेणचट असतात. ती वेगळ्या पोत्यात ठेवा आणि पिशवीच्या तळाशी वापरा. निलगिरी आणि सुरूचा पाला घेऊ नका.

चार माणसांच्या घरात रोज साधारण ६०० ग्रॅम ओला कचरा निघतो. त्याला रोज १५० ते १७५ ग्रॅम सुका, चुरलेला पाचोळा लागतो, म्हणजे महिन्याला पाच किलो. धान्याच्या मोठ्या पोत्यात चुरलेला पाचोळा दाबून भरला तर आठ ते दहा किलो मावतो. जून ते डिसेंबर सुका पाला जवळजवळ मिळत नाही. तेव्हा हिशोब सरळ आहे: एका घराला वर्षाला सहा ते सात पोती, आणि ती सगळी मार्चअखेर भरून कोरड्या जागी ठेवलेली असली पाहिजेत. जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, कुठेही चालेल, पण पोतं जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा आणि वरून प्लॅस्टिक टाका. या एका कामात कुचराई झाली की जुलैत कंपोस्टला वास सुटतो, शेजारी तक्रार करतात आणि सगळा उपक्रम बंद पडतो. बहुतेक सोसायट्यांत तो असाच बंद पडलेला आहे.

पाचोळा गोळा करताना सफाई कर्मचाऱ्यांशी आधी बोला. झाडलोट झाल्यावर पानांत गुटख्याच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं मिसळलेली असतात, ती निवडणं कंटाळवाणं होतं. पानांसाठी वेगळी पोती दिली तर ते आनंदाने वेगळं ठेवतात, त्यांचाही कचऱ्याचा भार हलका होतो. पानांचे ढीग पेटवणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगा: घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी केलेली आहे. ज्याने माती बनते ते जाळून धूर करणं, याहून मोठं नुकसान आवारात दुसरं कुठलं होत नाही.

पाला कमी पडला तर रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणा, मार्च ते मे ती भरपूर मिळतात. पण ताजी चिपाडं आंबतात आणि मुंग्या बोलावतात. दोन आठवडे कडक उन्हात वाळवून, बोटभर तुकडे करून मगच वापरा.

एका घराचं कंपोस्ट

साधारण ५० लिटरचे झाकण असलेले तीन डबे घ्या. प्रत्येकाला चारी बाजूंनी, एक वीत अंतरावर, करंगळी जाईल एवढी भोकं पाडा, तळालाही सात-आठ पाडा. डबा विटांवर ठेवून खाली ताट ठेवा. तळाशी नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि त्यावर चार बोटं पाचोळा घाला. त्यावर एक तांब्या आंबट ताक किंवा दोन मुठी जुनं कंपोस्ट पसरलं की विरजण लागलं.

रोज भाज्यांची देठं, सालं, चहाचा चोथा (दूध-साखर धुऊन), अंड्याची टरफलं चुरून आणि निर्माल्यातली फुलं घाला. निर्माल्यातला दोरा काढायला विसरू नका. मोठी सालं दोन बोटांएवढी चिरा, कलिंगड आणि फणस तर चिरायलाच हवेत. एक वाटी ओल्या कचऱ्यावर दीड ते दोन वाट्या पाचोळा हे माप डोळ्यासमोर ठेवा. वरचा थर नेहमी सुक्या पानांचाच दिसला पाहिजे. आठवड्यातून दोनदा लोखंडी सळईने किंवा खुरप्याने खालवर करा. शिजलेलं, तेलकट, मांस-मासळी, दही-दूध टाळा. उरलेला भात किंवा पोळीचा तुकडा कधीमधी चालतो, पण त्यावर पाला दुप्पट घाला.

डबा महिनाभरात भरतो. तो बाजूला ठेवून दुसरा सुरू करा. तिसरा भरेपर्यंत पहिला तयार झालेला असतो: रंग काळपट-तपकिरी, पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा वास, आणि आत घातलेला पदार्थ ओळखू येत नाही. चाळून घ्या. चाळणीवर उरलेलं नव्या डब्यात टाका, तेच पुढचं विरजण.

बिघाड झाला तर नाकाने आणि हाताने ओळखा. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास म्हणजे ओलं जास्त झालं, पाला कमी पडला. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही, पाणी साचलं. सगळं उपसून पाला मिसळा आणि तळाची भोकं मोकळी करा. मुठीत घट्ट दाबल्यावर एखादा थेंब यावा एवढाच ओलावा हवा. धार लागली तर पाला घाला. मूठ उघडताच भुगा सुटला तर पाणी शिंपडा. मुंग्या आणि झुरळं कोरडेपणाची खूण आहेत, चिलटं उघड्या ओल्या कचऱ्याची. पांढरी बुरशी दिसली तर काम छान चाललंय असं समजा. पावसाळ्यात करड्या, जाड, चपट्या अळ्या झाल्या तर घाबरू नका. त्या एका काळ्या माशीच्या अळ्या असतात, घाण फस्त करतात, चावत नाहीत आणि घरात शिरत नाहीत. पाला वाढवला की कमी होतात. ताटात जमणारं काळं पाणी दसपट पाण्यात मिसळून झाडांच्या मुळाशी घालता येतं, पण त्याला घाण वास येत असेल तर ते बागेत वापरू नका.

किती पिशव्या झेपतील

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. एका घराच्या महिनाभराच्या कचऱ्यातून आणि पाल्यातून सहा ते आठ किलो ओलसर कंपोस्ट मिळतं. बारा इंच व्यासाच्या आणि बारा इंच उंचीच्या पिशवीत वीस-बावीस लिटर माल मावतो, तिला सुरुवातीला चार किलोच्या आसपास कंपोस्ट लागतं. म्हणजे एक महिन्याचं कंपोस्ट दोन पिशव्यांपेक्षा जास्त भरत नाही. फेब्रुवारी आणि मार्चचे डबेच जूनपर्यंत तयार होतात. म्हणून पहिल्या पावसाळ्यात चारच पिशव्या मांडा. ऑक्टोबरला आणखी आठ वाढवा. पहिल्याच वर्षी तीस पिशव्या मांडल्या तर खत विकत आणावं लागतं, आणि विकतच्या पिशवीत अर्धकच्चं शेणखत किंवा नुसता कोळसट भुगा निघण्याची शक्यता मोठी असते.

पिशवी भरताना तळाशी दोन इंच सोडणाचे तुकडे ठेवा, ते पाणी धरूनही ठेवतात आणि निचराही करतात. त्यावर अर्धवट कुजलेला पाचोळा दाबून दोनेक इंच घाला. आंब्या-फणसाच्या पानांची जागा हीच. वरच्या भागासाठी मिश्रण असं: सहा लिटर कंपोस्ट, तीन ते चार लिटर लाल माती किंवा पोयटा, दोन लिटर धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) किंवा कुजलेला बारीक पाला आणि एक मूठ निंबोळी पेंड. काळी कपाशीची माती वापरू नका. ती भिजली की चिकट होते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. कोकोपीटच्या विटेत मीठ असतं, म्हणून भिजवून दोनदा पिळून पाणी टाकून द्या.

वरून दोन इंच जागा मोकळी सोडा. आठवडाभर फक्त ओली ठेवा. माल खाली बसतो, तेवढी भर घाला आणि मगच लावणी करा. न कुजलेला पाचोळा वरच्या थरात गेला तर तो कुजताना नत्र ओढून घेतो आणि रोप फिकट हिरवं पडतं. असं दिसलं तर जीवामृत द्या. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीचं घरगुती माप: १० लिटर पाणी, अर्धा किलो देशी गाईचं ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत, गोणपाट झाकून, दिवसातून दोनदा काठीने ढवळत दोन दिवस ठेवा. आठवड्याच्या आत दसपट पाण्यातून वापरून संपवा.

पालेभाजीला पिशवी वाया जाते. तिला भाजीवाल्याचे प्लॅस्टिकचे क्रेट उत्तम. आत शेडनेटचा तुकडा अंथरा आणि आठ इंच मिश्रण भरा.

गच्चीचं वजन आणि गळती

सोसायटीत परवानगी मिळण्याआधी हाच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. माणसं वावरणाऱ्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलो जिवंत भार (माणसांचा आणि हलत्या सामानाचा) धरलेला असतो. फूटभर जाडीची ओली माती पसरली तर तोच भार ५०० किलोंवर जातो. म्हणून गच्चीवर सलग मातीचे वाफे करू नयेत, हे ठामपणे सांगावं लागतं. वर दिलेल्या मिश्रणाची पिशवी पूर्ण भिजली तरी १५ ते १८ किलोची भरते. दोन पिशव्यांच्या मध्यांत दीड फूट अंतर ठेवलं तर सरासरी भार शंभर किलोंच्या आत राहतो. मोठ्या पिशव्या कठड्याच्या कडेने किंवा तुळई आणि खांब जिथे आहेत तिथे ठेवा, स्लॅबच्या मध्यभागी नको. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आधी पाहा आणि अभियंत्याला विचारूनच पुढे जा.

पिशवी थेट लादीवर टेकवली की खाली कायम ओल राहते आणि वॉटरप्रूफिंग खराब होतं. दोन विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, म्हणजे खालून झाडू फिरतो. पावसाचं पाणी जाण्याची तोंडं जाळीने झाका आणि दर रविवारी पानं काढा. पिंपळ-वडाचं रोप भेगेत दिसलं की त्याच दिवशी उपटा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी राहू देऊ नका. डेंग्यूच्या डासाची अळी साधारण आठवड्यात डास होते, म्हणून आठवड्यातून दोनदा ताटल्या पालथ्या घाला.

ऊन कुठे पडतं

फळभाजीला सहा तास थेट ऊन हवं, पालेभाजीला तीन-चार तास पुरतात. पण ऊन वर्षभर एका जागी नसतं. मुंबईत मेच्या मध्याला सूर्य डोक्यावर येतो, त्यामुळे पावसाळ्याआधी गच्चीभर ऊन असतं. डिसेंबरला तो दुपारीही दक्षिणेकडे झुकलेला असतो, आणि तीन फुटी दक्षिण कठड्याची सावली भर दुपारी जवळपास पावणेतीन फूट पडते. हिवाळी टोमॅटो त्या सावलीत ठेवले तर फुलं येतात पण फळ धरत नाही. दक्षिण कठड्यापासून तीन फूट लांब ठेवा किंवा पिशव्या उंच करा. बाल्कनीवाल्यांनी हेच लक्षात घ्यावं: दक्षिण बाल्कनी हिवाळ्यात चांगली, उत्तर बाल्कनीत पुदिना, अळू, गवती चहा आणि ओवा यांवरच समाधान मानावं.

मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत पन्नास टक्क्यांचं हिरवं शेडनेट लावा. पिशवीवर दोन इंच पाचोळ्याचं आच्छादन घाला, ते नसेल तर मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी घालूनही रोप माना टाकतं.

पेरणीचं पंचांग आपल्या सणांतच आहे

पावसाळ्यात काय लावायचं? ऋषिपंचमीच्या भाजीत जे पडतं ते. अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळी म्हणजे दोडकी, लाल भोपळा, मका. मुसळधार पावसात न कुजणारी पिकं हीच, आणि जुन्या बायकांनी ती अनुभवातून निवडली. हिवाळ्यासाठी भोगीची भाजी पाहा: वांगी, गाजर, घेवडा, मटार, हरभरा. आता त्या सणांपासून उलटं मोजा.

भेंडी आणि वेली पहिल्या सरींबरोबर, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावा. भेंडीचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून एका पिशवीत तीन दाणे टोका, नंतर दोनच रोपं ठेवा. ४५ ते ५० दिवसांत तोडणी सुरू होते, आणि एक दिवसाआड तोडली नाही तर शेंग जून होते व झाड बहर कमी करतं. दोडका, कारलं, पडवळ यांना किमान तीस लिटरची पिशवी द्या, दुधीला आणि भोपळ्याला साठ-सत्तर लिटर. वीस लिटरच्या पिशवीत दुधी लावणं म्हणजे पानंच पाहत बसणं. मांडवासाठी बांबू किंवा पाइप कठड्याला तारेने घट्ट बांधा आणि नायलॉनची वेलजाळी ताणा. सातव्या-आठव्या मजल्यावर वारा रात्रीत सैल मांडव उलटवतो.

वेलींना खूप फुलं येतात आणि एकही फळ धरत नाही, ही तक्रार ठरलेली आहे. आधी सगळी नर फुलं येतात, ते स्वाभाविक आहे. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं. उंच इमारतींवर मधमाश्या कमी पोचतात, म्हणून नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचं परागदंड मादी फुलात हलकेच फिरवा. वेळ महत्त्वाची: कारलं आणि काकडी सकाळी उमलतात, दोडका आणि दुधी संध्याकाळी. दुधीचं पांढरं फूल सकाळी पाहून काही उपयोग नाही. दुधीचा मुख्य वेल पाच-सहा फुटांचा झाला की शेंडा खुडा, मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात. आणि कडेला तुळस, झेंडू फुलू द्या, माश्या त्यांच्याकडे येतात.

पावसाळी पालेभाजीसाठी लाल माठ, मायाळू, अंबाडी. माठाचं बी खसखशीएवढं असतं, मूठभर वाळूत मिसळून फेका आणि बोटाने हलकं मातीत घाला. खोल गेलं तर उगवत नाही. मायाळू एकदा लावला की वर्षभर भजी-भाजी देतो. अळू दोन प्रकारचा: काळ्या देठाचा वडीला, हिरव्या देठाचा फतफत्याला. त्याला ओल सोसते, म्हणून तांदूळ-डाळ धुतल्याचं पाणी रोज त्याच्याकडे वळवा. मेथी आणि कोथिंबीर मात्र जुलै-ऑगस्टच्या धारांत आडवी होतात. वर पत्रा किंवा प्लॅस्टिक नसेल तर गणपतीपर्यंत थांबा.

गणपतीच्या सुमारास हिवाळ्याची तयारी. वांगी, टोमॅटो आणि मिरचीचं बी ऑगस्टच्या शेवटी ट्रेमध्ये टाका आणि पावसापासून आडोशाला ठेवा. रोपं मानेशी कुजून कोलमडतात ती अति पाण्याने आणि दाट पेरणीने. पंचवीस-तीस दिवसांनी, पाच-सहा पानांवर, संध्याकाळी लावणी करा. एका वीस लिटर पिशवीत एकच टोमॅटो किंवा एकच वांगं, मोह झाला तरी दोन नाहीत. टोमॅटो पहिल्या पानापर्यंत मातीत गाडा, खोडाला मुळं फुटतात. वाल आणि घेवडा सप्टेंबरात, गाजर ऑक्टोबरच्या सुरुवातीला थेट बियांनी.

मेथी क्रेटमध्ये वीस ग्रॅम दाणे टाकून तीन-चार दिवसांत उगवते. एकदम सगळे क्रेट पेरू नका, दहा दिवसांच्या फरकाने पेरा. एका क्रेटमधून अर्धा ते पाऊण किलो भाजी निघते. धणे रगडून दोन फाकी करा, बारा तास भिजवा. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, तोवर धीर धरा आणि ओल सुटू देऊ नका.

उन्हाळ्यात बागेकडून फार अपेक्षा ठेवू नये. गवार, चवळी, माठ फेब्रुवारीत पेरले तर मेपर्यंत देतात. बाकी पिशव्यांना विश्रांती द्या, पाचोळ्याने झाका आणि आठवड्यातून दोनदा शिंपडा.

पाणी

बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून पाहा. ओलं लागलं तर पाणी नको. वीस लिटर पिशवीला हिवाळ्यात रोज लिटरभर, एप्रिल-मेमध्ये दोन लिटर, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून लागतं. टोमॅटोच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग पडतो तो रोग नाही. एक दिवस कोरडं आणि एक दिवस चिंब असं पाणी मिळालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित करा आणि आच्छादन घाला.

सुट्टीत गावाला जाणाऱ्यांसाठी ठिबक चांगलं. १६ मिमीची मुख्य नळी, प्रत्येक पिशवीला ४ मिमीची बारीक नळी आणि ताशी दोन लिटरचा ड्रिपर. पण गच्चीवरच्या टाकीतून मिळणारा दाब फारच कमी असतो, दर मीटर उंचीला फक्त ०.१ बार. त्यामुळे लांबच्या पिशव्या कोरड्या राहतात. फिरवून कमीजास्त करता येणारे ड्रिपर घ्या, सुरुवातीला गाळणी लावा आणि प्रत्येक ड्रिपरखाली अर्धा तास पेला ठेवून किती भरतो ते मोजा.

आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी क्षारयुक्त असतं. निम्मं साधं पाणी मिसळूनच द्या, आणि मातीवर पांढरा थर दिसू लागला तर बंद करा. कपड्यांच्या मशीनचं पाणी भाजीला नको.

कीड

रोज पानांची खालची बाजू पाहणं हा खरा उपाय आहे. मावा आणि पिठ्या ढेकूण सुरुवातीला बोटांनी पुसून किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातात. पसरले तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन मिली पातळ साबण नीट फेसाळून संध्याकाळी फवारा, पाच दिवसांनी पुन्हा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे टांगा. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसली तर तो माशीने आणलेला विषाणू आहे, त्यावर औषध नाही. झाड उपटून बाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. भोपळा-काकडीच्या पानांवर पांढरी भुकटी म्हणजे भुरी. आंबट ताक दसपट पाण्यातून आठवड्याने फवारा आणि दाट पानं काढून हवा खेळू द्या. कारली-दोडकी आतून अळीने सडत असतील तर फळमाशी आहे. फळ बोटाएवढं असतानाच त्यावर कागदी पिशवी बांधा, आणि किडलेली फळं जमिनीवर पडू देऊ नका.

सोसायटी एकत्र करणार असेल तर

चाळीस घरांचा ओला कचरा रोज चोवीस-पंचवीस किलो होतो आणि त्याला वर्षाला सव्वादोन ते अडीच टन पाचोळा लागतो. एवढा तुमच्या आवारात पडतो का, ते आधी पाहा. आठ-दहा घरांनी सुरुवात करावी. दहा फूट लांब आणि तीन फूट उंच वेल्डमेश (लोखंडी जाळी) गोल वळवून बांधली की तीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. आतून शेडनेट लावा आणि वर पत्र्याचं झाकण ठेवा. तो दीड-दोन महिन्यांत भरतो. असे तीन पिंजरे, एक भरण्यासाठी आणि दोन मुरण्यासाठी. उंदरांसाठी जाळीचं भोक अर्ध्या इंचाचं घ्या, तळालाही जाळी घाला आणि शिजलेलं अन्न पूर्ण बंद ठेवा.

गच्ची सामाईक असते, म्हणून तोंडी होकारावर भागवू नका. सर्वसाधारण सभेच्या ठरावात जागा, पिशव्यांची कमाल संख्या, पाण्याचा खर्च, गळती झाल्यास जबाबदारी आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे लिहून घ्या. भाजी वाटताना पाणी घालणाऱ्या घरांना आधी, मग पाचोळा आणणाऱ्यांना, मग बाकीच्यांना, हा नियम सगळ्यांना पटतो आणि टिकतो.

हंगाम संपताना प्रत्येक पिकाचं एक निरोगी झाड बियांसाठी राखून ठेवा. भेंडी, दोडका, माठ, वाल, घेवडा यांचं बी घरी सहज धरता येतं. संकरित बियाण्याच्या पाकिटातून आलेल्या झाडाचं बी मात्र ठेवू नका, पुढची पिढी एकसारखी येत नाही. बी सावलीत कडक वाळवून, चुलीची किंवा धुपाची कोरडी राख चोळून, काचेच्या बरणीत ठेवा. बरणीवर पिकाचं नाव आणि महिना लिहा. टोमॅटो आणि वेलींचं बी तीन वर्षं चालतं, कांद्याचं पुढच्या हंगामातच वापरावं लागतं. पेरण्यापूर्वी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. सहाहून कमी उगवले तर दुप्पट बी पेरा.